चेहरा आणि हिशेब

व्यंगचित्राचा विषय निघाला की आपल्या बैठकीतली बोलणी एकदम थांबतात. कोणी विषय बदलतो, कोणी आवाज चढवतो. ३० सप्टेंबर २००५ रोजी डेन्मार्कमधील 'युलांड्स-पोस्टेन' या वृत्तपत्राने पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना विषय करून बारा चित्रे छापली. त्या दिवसापासून 'कार्टून' हा शब्द आपल्या कानाला दुखरा झाला आहे. तेव्हापासून या विषयावर दोन तयार उत्तरे मिळतात. एक उत्तर म्हणते, हसणे म्हणजे स्वातंत्र्य. ज्याला हसू येत नाही तो मागासलेला. दुसरे म्हणते, हसणे म्हणजे गुस्ताखी. चित्रकार तेवढा दुश्मन. दोन्ही उत्तरे पाठ झाल्यामुळे मूळ प्रश्न कोणी विचारीत नाही. प्रश्न साधा आहे. माणसाने माणसाला हसणे केव्हा न्यायाचे असते आणि केव्हा जुलमाचे?

आजच्या तापलेल्या हवेत हा प्रश्न सुटणे कठीण. म्हणून थोडे मागे जाऊ. व्यंगचित्र हे गरिबाच्या हातातले हत्यार होते आणि त्याच्या भीतीने सरदार-उमरावांची झोप उडत होती, त्या काळात जाऊन पाहू.

१८३० साली फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि लुई फिलिप गादीवर आला. तो स्वतःला नागरिकांचा राजा म्हणवून घेई. परंतु तीन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या त्या देशात मताचा हक्क जेमतेम दोन लाखांच्या आसपास श्रीमंतांना होता. त्याच वर्षी शार्ल फिलिपाँ या गृहस्थाने 'ला कारिकातुर' नावाचे साप्ताहिक काढले. त्यात राजाची अर्कचित्रे येऊ लागली. खटला झाला. नोव्हेंबर १८३१ मध्ये फिलिपाँने न्यायालयातच आपला बचाव चित्राने मांडला. एकापुढे एक चार आकृत्या. पहिली हुबेहूब राजाची, शेवटची नाशपातीची. राजाचे गाल फुगलेले आणि कपाळ निमुळते होते, त्यामुळे मधल्या दोन आकृत्यांत चेहऱ्याचे फळ कधी झाले हे कळतही नव्हते. फिलिपाँचे म्हणणे असे की, साम्य हाच गुन्हा असेल तर मग बाजारातल्या नाशपातींनाही अटक करावी लागेल. शिक्षा टळली नाही, पण पुढे पॅरिसच्या भिंतींवर पोरेटोरे कोळशाने नाशपाती काढू लागली.

याच साप्ताहिकाच्या गोतावळ्यात ओनोरे दोमिए हा विशीतला चित्रकार होता. डिसेंबर १८३१ मधले त्याचे 'गार्गांतुआ' हे चित्र पाहण्यासारखे आहे. राजा राक्षसाएवढा होऊन खुर्चीवर बसला आहे. त्याच्या तोंडातून जमिनीपर्यंत एक लांब फळी टेकवलेली आहे. खाली फाटक्या कपड्यांतली, हाडे निघालेली माणसे आपली नाणी टोपल्यांत टाकत आहेत, आणि हुजरे त्या टोपल्या पाठीवर घेऊन फळी चढून राजाच्या तोंडात रिकाम्या करीत आहेत. खुर्चीच्या खालून पदके, सनदा आणि नेमणुका बाहेर पडत आहेत व त्या झेलायला मानकऱ्यांची गर्दी झाली आहे. या चित्रापायी दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली आणि १८३२ साली त्याला तुरुंगात जावे लागले.

या दोन चित्रांत आम्हाला एक मोठा फरक दिसतो आणि पुढचे सगळे विवेचन आम्ही त्याच फरकावर उभे करणार आहोत. नाशपातीच्या चित्रात फक्त चेहरा आहे. राजाचे गाल तसे नसते तर ते चित्रच झाले नसते. 'गार्गांतुआ'त मात्र हिशेब आहे. कोणाच्या खिशातून पैसा निघाला, कोणाच्या पोटात गेला आणि त्याच्या बदल्यात कोणाला काय मिळाले, याचा तो ताळेबंद आहे. राजा सडपातळ असता तरी ते चित्र खोटे पडले नसते. नाशपातीला लोक जास्त हसले, 'गार्गांतुआ'ला सत्ता जास्त घाबरली.

सत्तेने त्या भीतीवर काय काय उपाय केले तेही पाहण्यासारखे आहे. पॅरिसमध्ये तुरुंग होता. लंडनमध्ये थैली होती. जॉर्ज चौथ्याची अनैतिक स्थितीतली चित्रे काढणार नाही, असे वचन घेऊन १८२० साली जॉर्ज क्रुइकशँक या चित्रकाराला शंभर पौंड देण्यात आले. आणि तिसरा उपाय कायद्याचा. राजावर प्राणघातक हल्ला झाल्याचे निमित्त होऊन सप्टेंबर १८३५ मध्ये फ्रान्समध्ये असे कायदे झाले की चित्र छापण्याआधी सरकारची मंजुरी लागावी. लेखाला अशी पूर्वपरवानगी लागत नव्हती, चित्राला लागू लागली. कारण उघड आहे. लेख वाचायला अक्षरओळख लागते. चित्र मजुरालाही वाचता येते.

तुरुंग, थैली आणि परवानगी. दोनशे वर्षांत या तिन्हींच्या पुढे सत्तेची कल्पनाशक्ती फारशी गेलेली दिसत नाही.

हे सारे युरोपातच राहिले असते तर आपल्याला त्याचे काही वाटले नसते. पण १८४१ साली लंडनहून 'पंच' निघाला आणि त्या नावाचे बी हिंदुस्थानात पडले. १८५४ मध्ये मुंबईत 'पारसी पंच' सुरू झाला, त्याचाच पुढे 'हिंदी पंच' झाला. ठाण्याहून 'हिंदू पंच' हे मराठी साप्ताहिक निघू लागले. आणि १८७७ साली लखनौहून मुन्शी सज्जाद हुसेन यांनी 'अवध पंच' काढला. उर्दू माध्यमातून शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असते, कारण अकबर इलाहाबादींची चर्चा 'अवध पंच'शिवाय पुरी होत नाही. गोऱ्या साहेबाची हुकमत आणि त्याची नक्कल करणारे देशी साहेब, सगळ्यांची तिथे खबर घेतली जाई. सर सय्यद अहमद खान यांच्यासारखा सुधारकही त्या तडाख्यातून सुटला नाही. लिहिणाऱ्यांत मुसलमान होते तसे काश्मिरी पंडितही होते.

त्याही पुढे तिफ्लिसला चला. आज जॉर्जियाची राजधानी असलेल्या त्या शहरातून १९०६ साली जलील मम्मदगुलुजादे यांनी 'मुल्ला नसरुद्दीन' हे सचित्र साप्ताहिक काढले. अझरबैजानी भाषेतले हे पत्र इराणपर्यंत वाचले जाई. संपादक मुसलमान, वाचक मुसलमान, आणि ज्यांना हसायचे तेही बहुतेक मुसलमानच: रयतेला पिळणारे खान आणि बेग, मुलींना शाळेपासून दूर ठेवणारे बाप, गरिबाला वायदे देणारा मौलवी, आणि या सर्वांच्या डोक्यावर बसलेले झारचे अधिकारी व युरोपचे सौदागर. चित्रे मोठी आणि रंगीत असत, कारण समाजात वाचता येणारे थोडे होते. पत्रावर बंदी आली, फतवे निघाले, संपादकाच्या जिवावर बेतले. तरी ते थांबतथांबत १९३१ पर्यंत चालले. तेव्हा मुसलमानाला स्वतःला हसता येत नाही, हे जे आपल्याविषयी सांगितले जाते, ते इतिहासाला धरून नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्यापैकी अनेक जण म्हणतील की, इतिहास काहीही असो, कुरआनने खिल्ली उडवायला मनाई केली आहे. बरोबर आहे. सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीचा आशय आपण लहानपणापासून ऐकत आलो. एका जमावाने दुसऱ्या जमावाची थट्टा करू नये, कदाचित ते यांच्याहून चांगले असतील. स्त्रियांनी स्त्रियांची करू नये. एकमेकांना टोमणे मारू नयेत, नावे ठेवू नयेत. यात कसलीही पळवाट नाही. पण आयत कशाला मना करते ते नीट पाहिले पाहिजे. जमाव, टोपणनाव, टोमणा. म्हणजे माणसाचे काम सोडून माणसाच्या असण्यालाच हसणे. आमच्या भाषेत सांगायचे तर ही मनाई चेहऱ्याला हसण्याची आहे.

याच कुरआनात सूरह अन-निसाची १४८ वी आयतही आहे. वाईट गोष्ट उघड बोलत सुटणे अल्लाहला आवडत नाही, परंतु ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट निराळी, असा तिचा आशय आहे. मजलूमाला बोलण्याची सवलत दिली आहे, आणि तीही उघड बोलण्याची. जालिम राज्यकर्त्यासमोर हक्काची गोष्ट बोलण्याला श्रेष्ठ जिहाद म्हणणारी हदीसही आपल्याला परिचित आहे. या आयती एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे आम्हाला वाटत नाही. पहिली दुबळ्याची ढाल आहे. दुसरी दुबळ्याची जीभ आहे. गडबड तेव्हा होते, जेव्हा बलवान माणूस पहिली आयत आपल्या अंगावर पांघरतो आणि दुसरी लपवून ठेवतो.

उर्दूने हा फरक शब्दांतच सांभाळला आहे. मिजाह म्हणजे निर्मळ विनोद. तंज म्हणजे बोच असलेला विनोद, ज्याच्या मागे दुखणे असते. हज्व म्हणजे कोणाची तरी नालस्ती. तमस्खुर म्हणजे टिंगल. मिर्झा सौदांविषयी सांगितले जाते की, कोणावर राग आला की ते गुंचा नावाच्या नोकराला कलमदान आणायला सांगत आणि मग समोरच्याची धडगत नसे. सौदा थोर शायर होते, पण रागाने काढलेले कलमदान आणि जुलमाने काढायला लावलेले कलमदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारागिरी एकच असेल, हक्क एक नाही.

हे तत्त्व आपल्या मातीत तपासून पाहू. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची जवळपास एक तृतीयांश जमीन जागिरदारांकडे होती. शिवाय निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास निराळा. वेठबिगार होती. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने सरकारची परवानगी लागे. अशा राज्यात कोणी 'ला कारिकातुर' काढणे शक्यच नव्हते. लिहिणाऱ्याचे काय होते ते शोएबुल्ला खान यांच्या उदाहरणाने दिसले. 'इमरोज' या उर्दू पत्राच्या या तरुण संपादकाने रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला आणि त्यांचे हातही तोडण्यात आले. जुलमी सत्तेपुढे बोलणारा हा माणूस मुसलमान होता, हे आपल्या मुलांना आपण किती वेळा सांगतो?

जिथे कागदावर हसता येत नाही तिथे लोक तोंडी हसतात. निजाम मीर उस्मान अली खान यांच्याविषयीचे किस्से आपल्या घराघरांत आहेत. १९३७ साली 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने ज्यांना मुखपृष्ठावर आणून जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हटले, ते जुनी शेरवानी आणि मळकी टोपी घालत, स्वस्तातली सिगारेट ओढत आणि मोठा हिरा कागदावर वजन म्हणून ठेवत, असे हे किस्से. ही तोंडी काढलेली अर्कचित्रेच होती. यातही दोन जाती होत्या. काही किस्से नुसत्या शेरवानीचे. काही मात्र नजराण्याचे: भेटीला गेलेल्याच्या हातातली अशर्फी कशी उचलली जाते, आणि ती अशर्फी शेवटी कोणत्या शेतकऱ्याच्या ज्वारीतून आलेली असते. पहिल्या जातीत चेहरा होता, दुसरीत हिशेब.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. १९४९ साली जागिरी रद्द झाल्या. निजामाची हुकमत गेली, आणि नंतर काही वर्षे ते राजप्रमुख म्हणून मानाने राहिले. पण गावोगावच्या साध्या मुसलमानाचे काय झाले? पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानात फिरून जो अहवाल दिला त्यात पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या किमान २७ ते ४० हजार असावी असा अंदाज आहे. तेव्हाचे उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. रझाकारांनी रयतेवर अत्याचार केले, गावे जाळली, हे खरेच आहे आणि ते कोणी लपवू नये. परंतु नंतर जे मेले त्यांत रझाकार नसलेले असंख्य होते: मजूर, विणकर, पिंजारी, छोटे शेतकरी. ज्यांनी निजामाची मोटार दुरूनही पाहिली नव्हती, अशी माणसे.

त्यानंतर त्या जुन्या अर्कचित्राचे काय झाले, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. टोपी, दाढी आणि शेरवानी हा चेहरा तसाच राहिला. त्याच्या मागचा हिशेब गळून पडला. सारा नाही, नजराणा नाही, वेठ नाही, फक्त चेहरा. मग तो कोणालाही चिकटवता येऊ लागला. निवडणुकीच्या सभेत 'रझाकारांची अवलाद' म्हटले की टाळ्या पडतात. निजामाच्या काळात ज्याच्या आजोबाने वेठ केली असेल त्याच सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या मुलाला निजाम म्हणून चिडवले जाते. नवाबाचे चित्र फकिराच्या गळ्यात अडकवले गेले आहे.

यातून आम्हाला जे सापडले ते असे. जे हसणे चेहऱ्यावर उभे असते ते फिरते असते. आज राजावर, उद्या राजासारख्या दिसणाऱ्या भिकाऱ्यावर. जे हसणे हिशेबावर उभे असते ते ज्याच्या नावावर खाते आहे त्यालाच लागू पडते, दुसऱ्याच्या दारात जात नाही. म्हणून वर बसलेल्याला हसणे योग्य आणि खालच्याला हसणे अयोग्य, एवढे म्हणून भागत नाही. वरच्यालाही केवळ त्याच्या चेहऱ्यावरून हसले, तर ते हसणे एक दिवस उतरत उतरत खालच्यापर्यंत येतेच.

मराठी व्यंगचित्राच्या इतिहासातही ही घसरण दिसते. ऑगस्ट १९६० मध्ये बाळ ठाकरे यांनी 'मार्मिक' सुरू केला. कुंचला जबरदस्त होता आणि सुरुवातीला त्याचा रोख सत्ताधाऱ्यांकडे होता. पुढे त्याच साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' या सदराखाली कचेऱ्यांतल्या दक्षिण भारतीयांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. मराठी तरुणाला नोकरी नाही, हे दुखणे खरे होते, त्याचा हिशेब धोरणे ठरवणाऱ्यांकडे मागायला हवा होता. तो मागितला गेला नावांकडे, म्हणजे चेहऱ्यांकडे. त्यानंतर चेहरे बदलत गेले. त्या रांगेत आपलाही नंबर लागला हे वेगळे सांगायला नको.

२०१२ साली महाराष्ट्रात चार महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. मे महिन्यात अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातले शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र वादात सापडले. राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब आंबेडकर आसूड घेऊन बसले आहेत आणि मागे पंडित नेहरूही आसूड उगारून उभे आहेत, असे ते चित्र. पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. सप्टेंबरमध्ये मुंबई पोलिसांनी असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराला अटक केली. भ्रष्टाचारावर टीका करताना त्याने राजमुद्रेतील सिंहांच्या जागी लांडगे काढले होते आणि त्यासाठी राजद्रोहाचे कलम लावले गेले. ते पुढे मागे घ्यावे लागले.

वर्तमानपत्रांनी दोन्ही घटनांना एकाच मथळ्याखाली बसवले: अभिव्यक्तीची गळचेपी. आम्हाला त्या एक वाटत नाहीत. दुसऱ्या घटनेत सत्तेला आपला हिशेब मागितलेला आवडला नाही, एवढेच होते. १८३५ च्या कायद्याचीच ती पणती. पहिल्या घटनेतले दुखणे निराळे आहे. शंकर यांच्या मनात घटनेच्या कामाची संथ गती होती, हे मान्य. पण ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या खरोखरीचा आसूड खाल्ला, त्यांना बाबासाहेबांच्या मागे उगारलेला आसूड पाहून गोगलगाय दिसणारच नाही. तो आसूड एक जुने खाते उघडतो. हे समजून घ्यायचे आणि तरीही कार्यालयाची मोडतोड चूकच म्हणायची, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता आल्या पाहिजेत. दुखणे खरे असले म्हणून प्रत्येक इलाज खरा होत नाही.

हीच कसोटी डेन्मार्कच्या चित्रांना लावू. तिथले मुसलमान बहुतांशी मजुरीसाठी आलेले स्थलांतरित आणि निर्वासित; ना सत्तेत, ना वृत्तपत्रांच्या मालकीत. पगडीत बॉम्ब दाखवणाऱ्या त्या चित्राने कोणत्या सत्तेकडे कोणता हिशेब मागितला? दहशतवादी संघटनांच्या पैशाचा, त्यांना शस्त्रे विकणाऱ्यांचा हिशेब मागता आला असता. तो अवघड होता. त्याऐवजी एका पगडीत सगळी उम्मत गुंडाळली. म्हणून आम्ही त्या चित्रांना तमस्खुर म्हणतो, तंज म्हणत नाही.

पण जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' साप्ताहिकावर ज्यांनी गोळ्या झाडून बारा जणांना ठार केले, त्यांना मजलूम म्हणणे हा कुरआनच्या त्या सवलतीचाच अपमान आहे. सवलत बोलण्याची आहे, गोळीची नाही. मेलेल्यांत अहमद मेराबे हा पोलीस होता आणि मुस्तफा उराद हे मजकूर तपासणारे गृहस्थ होते. दोन्ही नावे कोणत्या घरातली आहेत हे सांगायला नको. मारणाऱ्यांनी कसलाही हिशेब मागितला नव्हता. त्यांनीही फक्त चेहरे पाहिले. इतरांनी आपल्या बाबतीत जे केले तेच त्यांनी केले, फरक एवढाच की हातात बंदूक होती.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. मजलूम कोण हे ठरवायचे कोणी? दोमिएला तुरुंगात टाकणारा राजाही स्वतःला पीडितच समजत होता. जागिर गेल्यावर जागिरदारालाही आपल्यावर जुलूम झाला असे वाटले. शिवाय माणूस काही एकाच पायरीवर उभा नसतो. जो कचेरीत साहेबापुढे मान खाली घालतो तोच घरी येऊन बायकोसमोर जागिरदार होतो. याचे उत्तर आम्हाला हिशेबाच्या शब्दातच दिसते. 'माझ्यावर जुलूम झाला' असे म्हणणे सोपे आहे. कोणी, कधी, काय घेतले, हे दाखवणे कठीण आहे. ज्याला ते दाखवता येते त्याला हसण्याचा हक्क आहे. दुसरी खूण अशी की, हिशेब मागणारा काहीतरी गमावण्याच्या तयारीने मागतो. दुबळ्याची टिंगल करणाऱ्याचे मात्र काही जात नाही.

वर्गात हे रोज दिसते. तास सुरू होण्याआधी एखादा मुलगा फळ्यावर गुरुजींचे चित्र काढतो: घड्याळात पाहणारे, फोनवर बोलणारे, खुर्चीत पेंगणारे. चित्राखाली नाव नसते तरी ओळख पटते. त्याच वर्गात दुसरा कोणी तोतऱ्या मुलाची नक्कल करून सगळ्यांना हसवतो. दोन्हीकडे हशा सारखाच. पण पहिला मुलगा बुडालेल्या तासाचा हिशेब मागतो आहे आणि छडी खाण्याची जोखीम घेतो आहे. दुसऱ्याला कसलीच जोखीम नाही. चार भिंतींच्या त्या राज्यात आम्ही शिक्षकच उमराव असतो, हे आम्हाला बी.एड.च्या कोणत्या पुस्तकाने सांगितले नाही; फळ्यावरच्या चित्रांनी सांगितले. बहुतेक शाळांत फळा लगेच पुसला जातो आणि तोतऱ्याची नक्कल मात्र गंमत म्हणून खपते. उलटे व्हायला हवे.

आणि आता आपल्या घरात डोकावू. आपण बाहेरच्यांच्या टिंगलीने दुखावतो, पण आपल्या शादीच्या मांडवात काय ऐकू येते? जुलाह्याच्या मूर्खपणाच्या म्हणी, पिंजाऱ्याच्या कंजूषपणाचे किस्से, कसायाच्या बोलण्याची नक्कल, फकिराच्या मुलाने शिकून मोठे झाल्यावर त्याला मारलेले टोमणे. स्वतःला शरीफ म्हणवणाऱ्या घरांतून हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीला उभे राहावे लागले, ते आरक्षणासाठी तर खरेच, पण या हशाच्या विरुद्धही. हुजुरातची आयत सर्वांत आधी या मांडवात वाचायला हवी.

याउलट ज्यांना हसायला हवे त्यांच्यासमोर आपण अदबीने उभे असतो. वक्फच्या जमिनी ज्यांच्या काळात हातोहात गेल्या ते मुतवल्ली, शाळेची इमारत गळत असताना स्वतःची माडी चढवणारे संस्थाचालक, निवडणुकीच्या आदल्या रात्री मोहल्ल्याचा सौदा करणारे पुढारी, हुंड्याविरुद्ध बयान करून त्याच महिन्यात मुलाच्या लग्नात मोटारसायकल घेणारे बुजुर्ग. ही नावे आम्ही घेत नाही, प्रत्येक गावात ती वेगळी आहेत. यांच्यावर एखाद्या तरुणाने दोन ओळी लिहिल्या की त्याला सांगितले जाते, कौमची बदनामी करू नकोस, दुश्मन हसतील. दुश्मनाला हसण्याचे निमित्त मुतवल्ली देतो. आळ लिहिणाऱ्यावर येतो. दक्खनी शायर सुलेमान खतीब मुशायऱ्यांतून घरातल्या लबाड्यांवर हसवत आणि हसवता हसवता रडवत. हैदराबादचा 'शगूफा' हा तंज-ओ-मिजाहचा मासिक अंक १९६८ साली सुरू झाला. म्हणजे परंपरा आहे. ती मराठी लिहिणाऱ्या मुसलमानाच्या कागदावर अजून पुरेशी उतरलेली नाही. चित्रात तर जवळजवळ नाहीच.

सजीवांची चित्रे काढण्याबद्दल आपल्या उलेमांत मतभेद आहेत, आणि ज्यांना ती टाळावीशी वाटतात त्यांचा आम्ही आदर करतो. पण हिशेब मांडायला चेहरा लागतोच असे नाही. रिकामी खुर्ची, गळते छत, कुलूप लावलेली लायब्ररी आणि त्या कुलपावर टांगलेली उद्‌घाटनाची पाटी, एवढेही पुरते. उलट चेहरा वगळल्यावर जे चित्र उरते तेच खरे असते, असे म्हणायलाही हरकत नाही.

आमच्या उर्दू शाळांतून दर महिन्याला भित्तिपत्रक लागते. त्यात पुढाऱ्यांचे वाढदिवस असतात, थोरांची वचने असतात, फुलांची नक्षी असते. त्याचा एक कोपरा मुलांच्या व्यंगचित्रांसाठी मोकळा ठेवावा, अशी आमची आमच्यासारख्याच शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे. मुख्याध्यापकांवर चित्र आले तर येऊ द्यावे. पाण्याच्या टाकीवर येईल, संडासाच्या मोडक्या दारावर येईल, आमच्यावरही येईल. अट एकच घालावी. ज्याने चित्र काढले त्याला त्याखाली एका ओळीत हिशेब लिहिता आला पाहिजे: काय बुडाले, कोणाचे बुडाले आणि ते कोणाकडे मागायचे. ज्या चित्राखाली ती ओळ लिहिता येणार नाही, ते त्या मुलानेच स्वतःच्या हाताने पुसावे.